कुटारातली घागर

पंचनामा संपला होता. तलाठ्याने पेनाला टोपण लावले होते, कोतवालाने भांड्यांच्या पोत्याचे तोंड सुतळीने आवळले होते, कपिला गाय दाव्यासकट अंगणात आणून उभी केली होती आणि आनंदाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, पदराचे टोक दातांत धरून, मनातल्या मनात एकच जप करीत होती... 'जा बाप्पा आता, जा लवकर!' तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या किसनरावांनी घसा खाकरला.

"एक वस्तू राह्यली," ते म्हणाले. "गोठ्यात, कुटाराच्या ढिगाखाली तांब्याची घागर हाय. तेबी लिवून घ्या."

आनंदाबाईच्या दातांतून पदराचे टोक सुटले.

तलाठी भला माणूस. त्याने क्षणभर किसनरावांकडे असे पाहिले की जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती. "किसनभाऊ," तो हळूच म्हणाला, "तुमाले कोनं विचारलं?"

"कोनी नाई विचारलं. पन हाय ते हाय."

तुरीची मळणी होऊन पंधराच दिवस झाले होते. मळून उरलेल्या भुश्शाचा, त्या पिवळ्या कुटाराचा, ढीग गोठ्यात छतापर्यंत गेला होता. आदल्या दिवशी भर दुपारी, गाव निजलेले पाहून, आनंदाबाईने कोपरापर्यंत हात खुपसून त्या ढिगाच्या पोटात घागर लपवली होती. आता कोतवाल ती उकरून घेऊन आला. घागरीच्या गळ्याशी कुटाराच्या काड्या चिकटल्या होत्या आणि तिच्या पोटावर कोरलेली अक्षरे उन्हात स्वच्छ दिसत होती... 'सौ. रुख्माबाई, मु. आंजी.'

रुख्माबाई म्हणजे आनंदाबाईची सासू. आनंदाबाई चौदाव्या वर्षी या घरात आली तेव्हा धाकटा दीर श्रावण पाच वर्षांचा होता, नाक ओढत तिच्या मागे मागे फिरणारा! तो आठ वर्षांचा झाला आणि रुख्माबाईने अंथरूण धरले. शेवटच्या दिवशी तिने एका हाताने श्रावणचा हात आनंदाबाईच्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्यातल्या घागरीकडे बोट केले. "दोनी सांभाळजो, पोरी. घागर याच्या बायकोले देजो." एवढेच बोलली आणि गेली. आनंदाबाईला स्वतःचे मूल झाले नाही. पण कुणी 'लेकरू किती?' असे विचारले, की ती बिनदिक्कत 'एक' म्हणून सांगे.

आणि ते एक लेकरू त्या घडीला पुण्याच्या फौजी दवाखान्यात पायात लोखंडी सळई घालून पडले होते. डिसेंबरातल्या लढाईत श्रावणच्या मांडीत गोळी शिरली होती. लढाई संपली होती, गावागावांत पेढे वाटले गेले होते. पण किसनरावांची लढाई मात्र त्यानंतरच सुरू झाली होती!

किसनराव उमेदीची दोन वर्षे सेवाग्रामला राहून आलेले. तिथून ते टकळी, खादीचा सदरा आणि एक हट्ट एवढेच घेऊन परतले, असे गाव थट्टेने म्हणे. हट्ट असा, की माणसाने माणसाला मारू नये आणि मारणाऱ्याच्या हाताला हातभारही लावू नये. लढाईच्या सालचा शेतसारा त्यांनी भरला नाही. तलाठ्याने परोपरीने समजावले, की बाबा रे, हा पैसा फौजेकडे जातच नाही, रस्त्याला-शाळेला जातो. किसनराव हात जोडून म्हणाले, "सरकारचं मडकं एकच असते, भाऊ. कोनत्या मगानं काढलं ते पानी मी कसं सांगू? पुढच्या साली भरीन. या साली नाई." सारा म्हणाल तर जावयाच्या मानाच्या टोपीइतकासुद्धा नव्हता. पण नोटिशीमागून नोटीस आली आणि शेवटी जप्ती आली. बैलजोडी, वखर आणि मंगळसूत्र कायद्याने सोडले. बाकी गाय गेली, सायकल गेली, दिवाळीची पितळी ताटे गेली, पुरणाचे पातेले गेले.

त्या सगळ्याबद्दल आनंदाबाईने हूं की चूं केले नव्हते. नवऱ्याचे तत्त्व तिला सगळे कळत होते असे नाही. पण आपला माणूस कोंबडीसुद्धा कापलेली पाहू शकत नाही आणि श्रावण लढाईवर गेल्यापासून एक वेळच जेवतो आहे, हे तिला दिसत होते. तत्त्वाची माणसे तत्त्व उराशी धरतात, बोजा मात्र घरच्या बाईच्या डोक्यावर येतो. हे ती मुकाट्याने सोसत आली होती. फक्त ही घागर...! ही तिची नव्हती, त्यांचीही नव्हती. ही ठेव होती!

"आवो," त्या संध्याकाळी रिकाम्या फळीकडे पाहत ती एवढेच म्हणाली, "चूप राह्यले असते त खोटं थोडीच झालं असतं?"

किसनराव सूत कातत राहिले. पण तिने पाहिले, धागा दर दोन हातांवर तुटत होता.

लिलाव चावडीपुढे झाला. आंजीत एक जुनी रीत होती, शेजाऱ्याच्या चुलीवरच्या भांड्यावर बोली लावायची नाही. गाव किसनरावांवर कितीही चिडलेले असो, एकाही माणसाने तोंड उघडले नाही. मग जामचा एक परका माणूस पुढे झाला. नत्थूजी त्याचे नाव. जामच्या फाट्यावर त्याला चहा-भज्यांचे हॉटेल टाकायचे होते, भांडी हवीच होती. त्याने सगळे पोते उचलले आणि घागर सायकलच्या दांडीला बांधून तो निघून गेला. गावातली दोन-चार भली माणसे नंतर किसनरावांकडे आली. वर्गणी काढू, सारे परत विकत आणू, असे म्हणाली. किसनरावांनी मान हलवली. "ते परत विकत घेनं म्हंजे मांगच्या दारानं सारा भरनं. गेलं ते गेलं."

तो शब्द आनंदाबाईने ऐकला आणि पदराच्या गाठीला बांधला.

दीड महिन्याने श्रावण आला. काठी टेकत, लंगडत, पण आला! आणि दिवस नेमका अक्षय्य तृतीयेचा. घराघरांत त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. उन्हाने तापलेल्या वैशाखात वरच्यांनाही तहान लागते, असा समज. आनंदाबाईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांब्याभर पाणी आणले, त्याच्या मांडीवरची खूण डोळे भरून पाहिली आणि किती वेळ ती नुसती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. किसनराव ओट्याच्या खांबाला धरून उभे होते. त्यांच्या गालांवरून आसवे ओघळत होती आणि ती पुसायची शुद्ध त्यांना नव्हती.

साऱ्याची हकीकत श्रावणला फाट्यापासून घरापर्यंत येता येताच कळली होती. गावाने तेवढी तत्परता दाखवली होती. घागर कुणी दाखवली, एवढे मात्र तलाठी-कोतवालांनी बाहेर फुटू दिले नव्हते. पण तो हसून म्हणाला, "दादाचं तत्त्व मले लहानपनापासून मालूम हाय. मी गोळी झेलली, त्यानं जप्ती झेलली. आपापलं काम!" आनंदाबाईच्या उरावरची धोंड उतरली. तेवढ्यात त्याची नजर देवळीकडे गेली. तिथे मातीचे मडके भरून ठेवले होते.

"वयनी, आज तीज हाय ना? मायची घागर कुठी हाय?"

आनंदाबाईने मडक्यावरचे झाकण उगाच सरळ केले.

"तेबी नेली? अवं पन तू त म्हने, कुटारात लपवली व्हती! बाजूच्या दुरपताकाकूनं सांगतलं मले. मंग त्याईले कशी सापडली? कोनं दाखवली?"

त्याचा आवाज चढला. मघाचे हसू मावळले होते आणि त्याची नजर हळूहळू किसनरावांकडे वळत होती... आनंदाबाईने ती वळताना पाहिली. एका पळात तिला सगळे पुढचे दिसले. हे दोघे एका आईच्या पोटचे. हा धागा तुटला तर रुख्माबाईला वर जाऊन काय तोंड दाखवू? आपण काय, परक्या घरून आलेली. आपल्यावरचा राग चार दिवसांनी ओसरेल, लेकराचा मायवरचा राग टिकतो का कधी? किसनरावांनी ओठ उघडले होते. तिने डोळ्यांनीच त्यांना विनवले आणि ती बोलून गेली,

"म्या दाखवली. घाबरून गेल्ती रे मी. सरकारी मानसं पाहून तोंडातून निंघून गेलं."

त्या घरात खोटे बोललेले ते पहिले वाक्य! आणि ज्या माणसाला न विचारलेले खरे बोलवत होते, तो माणूस ते खोटे ऐकून खांबाला धरून गप्प उभा राहिला.

श्रावणने हातातला पाण्याचा तांब्या, तोंडही न लावता, खाली ठेवला.

"दादा त दगडाचा देव हाय. त्याच्याकडून मले आशा नव्हती. पन तू? तू त माय व्हती माही! मायची शेवटची वस्तू, आन् तू आपल्या हातानं...!" त्याने काठी उचलली. "या घरचं पानी मले वर्ज्य हाय आजपासून. मी मेलो असं समज."

काठीचा ठक ठक आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. त्या आवाजामागे आनंदाबाई अनवाणी, तापल्या फुफाट्यातून धावली... पण फाट्यावरून आर्वीची गाडी सुटली होती.

माणूस ठरवतो एक आणि होते भलतेच. दोन भाऊ तुटू नयेत म्हणून तिने आपला बळी दिला, आणि भाऊ तर तुटलेच, वर तीही गेली.

श्रावणला आर्वीच्या एस. टी. डेपोत चौकशीच्या खिडकीवर नोकरी लागली. आर्वीहून वर्ध्याला जाणारी प्रत्येक गाडी आंजीवरूनच जाते. दिवसातून कितीदा ती लाल गाडी फाट्यावर थांबे, धूळ उडवी आणि निघून जाई. विहिरीवर असलेली आनंदाबाई दोर हातात तसाच धरून उतरणाऱ्यांकडे पाही. श्रावण कधी उतरला नाही. त्याचे लग्न झाल्याचे तिला शेजारच्या दुरपताबाईकडून कळले. त्या दिवशी तिने पुरण घातले, देवाला दाखवले, किसनरावांना वाढले आणि स्वतः मात्र, 'पोट बरं नाई', असे सांगून पाण्यावर राहिली.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला पहाटेच ती किसनरावांना म्हणाली, "समुद्रपूरले मावसबहिनीकडे जाऊन येतो." मावसबहीण होती, खोटे नव्हते. पण आनंदाबाई तिच्यापर्यंत गेली नाही. वर्ध्याला गाडी बदलून ती जामच्या फाट्यावर उतरली. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर ट्रकांची रीघ होती आणि नत्थूजीच्या हॉटेलपुढे, एका तिपाईवर, गिऱ्हाइकांच्या पाण्यासाठी रुख्माबाईची घागर ठेवलेली होती. काळीठिक्कर! गळ्याशी शेवाळ, बुडाला पोचा. आनंदाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

"भाऊ," ती नत्थूजीला म्हणाली, "हे घागर मले घासू देता का?"

नत्थूजीला आधी वाटले, बाई काम मागते आहे. तिने ओळख दिली तेव्हा तो ओशाळला. म्हणाला, पैसे द्या आणि घेऊन जा. ती नाही म्हणाली, आमच्या मालकाचा शब्द आहे, परत विकत घ्यायची नाही. मग फुकट न्या, तो म्हणाला. ती त्यालाही नाही म्हणाली. तुमची कष्टाची वस्तू, फुकट कशी नेऊ? "फक्त आजचा दिवस घासू द्या. सासूची घागर हाय, तिजेले कोरडी राहू नये."

तिने चिंचेने आणि राखेने घागर घासली, सोन्यासारखी पिवळीलाल झळकवली, हापशावरून भरून आणली, सासूच्या नावाने दोन थेंब जमिनीवर शिंपडले आणि मग दुपारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या तहानलेल्यांना स्वतःच्या हाताने पाणी पाजले. आणि तिन्हीसांजेला घरी परतली.

असे एक साल नाही, दोन नाही. एकूण अकरा अक्षय्य तृतीया!

दरसाल पहाटे ती 'समुद्रपूरले' म्हणे आणि दरसाल किसनराव मान हलवत. बहीण कशी आहे, तिचे पोर काय करते, परत आल्यावर त्यांनी कधी एका अक्षराने विचारले नाही. आनंदाबाईला वाटे, यांना काय पडली आहे! आणि मनात कुठेतरी खोल ती रुसून बसे.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात किसनरावांचा दमा वाढला. ओट्यावरून विहिरीपर्यंत जाताना त्यांना दोनदा बसावे लागे. तिजेच्या पहाटे आनंदाबाई घुटमळली, या सालची फेरी चुकवावी का, असे तिच्या मनात येऊ लागले. किसनरावच भिंतीला टेकून म्हणाले, "जा ना. गाडी चुकंन." घाईघाईत तिने पिशवी उचलली आणि जामला तिपाईपुढे बसल्यावर तिच्या ध्यानात आले, की चिंच घरीच विसरली!

तिने पिशवी चाचपली. तळाशी हाताला काहीतरी लागले. जाडसर खादीचा तुकडा, त्याला सुताची गाठ. किसनरावांच्या हातची गाठ तिने डोळे मिटूनही ओळखली असती. तिने ती सोडली. आत मूठभर जुनी, काळी चिंच होती.

म्हणजे यांना ठाऊक होते. पहिल्या सालापासून ठाऊक असेल. त्यांनी विचारले नाही ते एवढ्याचसाठी, की विचारले असते तर तिला पुन्हा खोटे बोलावे लागले असते! अकरा वर्षे या माणसाने जीभ चावून धरली आणि आपण वेडी रुसत बसलो. तिने ती चिंच छातीशी धरली आणि ट्रकांच्या, भज्यांच्या, गिऱ्हाइकांच्या त्या गलक्यात ती मुसमुसून रडली.

रडणे आवरून तिने घागर घासली, भरून आणली आणि दोन थेंब शिंपडायला ओंजळ उचलली. इतक्यात समोर एक काठी येऊन थांबली.

तिने वर पाहिले नाही. काठीमागचा लंगडा पाय ती ओळखत होती.

"देऊन टाकली व्हती ना घागर?" श्रावणचा आवाज आला. जाड झालेला, घोगरा. "मंग दरसाली घासाले काऊन येतं?"

त्याच्या मागे हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती आणि तिच्या बोटाला धरून सहा-सात वर्षांची मुलगी. ती बाई पुढे आली आणि आनंदाबाईच्या पाया पडली. "जाऊबाई, मी सुलोचना. माहं माहेर समुद्रपूरकडचं हाय. मांगच्या दिवाळीत येता येता इथी पानी प्यालो, घागरीवरचं नाव वाचलं. नत्थूजीले विचारलं, त्याईनं सांगतलं... एक बाई येते दर तिजेले. मी घरी जाऊन याईले सांगतलं. सहा महिने हे काई बोलले नाई. काल म्हनाले लागले, उद्या जामले जाऊ."

"मी विचारून राह्यलो, वयनी," श्रावण पुन्हा म्हणाला.

काय सांगणार होती ती? बारा वर्षे सांभाळलेले खोटे आज सोडायचे, तर ते ओट्यावर धापा टाकत बसलेल्या त्या जीवावर जाऊन पडणार! "मायची घागर," ती खाली पाहत म्हणाली, "तिजेले कोरडी राहू नये, बाप्पा."

श्रावणने झटकन खिशात हात घातला आणि नोटा काढून नत्थूजीपुढे धरल्या. "काय किंमत होते ते घ्या. हे घागर मी घेऊन चाल्लो."

"नको!" आनंदाबाई उठून उभी राहिली. "विकत नको, श्रावण. तुह्या दादाचा शब्द हाय."

"अजूनबी दादाचाच शब्द!" तो कडाडला. "बारा वर्षं झाले, वयनी! त्या शब्दापायी तू मले घालवलं, मायची वस्तू घालवली, आन् आतासुद्धा...!"

तो पाठ फिरवणार होता. आनंदाबाईला ती वळणारी पाठ दिसली, तीच, बारा वर्षांपूर्वीची. ती तिपाईला धरून खाली बसली. मुलगी घाबरून रडू लागली.

"रडू नोको, आनंदे," सुलोचना तिला जवळ घेत म्हणाली.

आनंदे! आनंदाबाईने दचकून वर पाहिले. 'मी मेलो असं समज' म्हणून गेलेल्या लेकराने आपल्या पोरीचे नाव काय ठेवले होते ते तिला कळले. श्रावणने मान दुसरीकडे केली होती.

मग भट्टीपुढून नत्थूजी उठला. धोतराला हात पुसत आला. चांगला साठीचा झाला होता तो. त्याने भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली, काठोकाठ पाण्यासकट, आणि सुलोचनेपुढे धरली.

"मी विकत नाई, आन् फुकटबी देत नाई," तो म्हणाला. "आज तीज हाय. आजच्या दिवशी भरली घागर दान करतेत. आमच्या म्हातारीच्या नावानं मी हे दान करून राह्यलो. पोरी, दानाले नाई म्हनता येत नाई. पदर पसर."

सुलोचनेने आनंदाबाईकडे पाहिले. आनंदाबाईने, डोळ्यांतून धारा वाहत असतानाच, मान हलवली. सासूने जिच्यासाठी ठेवली होती तिच्याच पदरात घागर पडली, आणि नवऱ्याचा शब्दही मोडला नाही! बारा वर्षे जी गाठ तिला सुटत नव्हती ती एका हॉटेलवाल्याने उभ्याउभ्या सोडवली होती.

"आता घरी चाल," ती श्रावणला म्हणाली. "पानी पेऊ नोको. आत येऊ नोको. फक्त एकदा नजरेनं पाहून घे दादाले. फार दिवस नाईत रे त्याचे."

वर्ध्याला गाडी बदलून ते आंजीला पोचले तेव्हा उन्हे कलली होती. सगळ्या वाटेने श्रावणने घागर मांडीवर धरली होती, दुखऱ्या मांडीवर. एकाही खड्ड्यात त्याने पाणी हिंदकळू दिले नाही.

किसनराव ओट्यावर टकळी घेऊन बसले होते. त्यांनी आधी काठी पाहिली, मग घागर पाहिली, मग माणूस. टकळी हातातून गळून खाली पडली आणि गरगरत अंगणात गेली. ते खांबाला धरून उभे राहिले, तोच खांब, आणि धाप लागलेली असतानाच बोलू लागले. आनंदाबाई "बसा, बसा" म्हणत धावली. त्यांनी हाताने तिला थांबवले.

"श्रावण, आधी ऐकून घे. मंग वाटलं त बस, वाटलं त जा. घागर हिनं दाखवली नाई. म्या दाखवली."



"पंचनामा झाल्ता. तलाठी उठून चाल्ला व्हता. कोनी काई विचारलं नव्हतं मले. मीच आपून होऊन सांगतलं. लोकाईनं म्हनावं, पाहा किसनराव किती खरा! ते खरेपन नव्हतं रे, तो माज व्हता." त्यांना ढास लागली. ती ओसरल्यावर ते पुढे बोलले. "सारा भरला नाई, त्याचा मले पस्तावा नाई. आजबी भरनार नाई. पन जिथी चूप राहाचं तिथी बोललो, आन् जिथी बोलाचं व्हतं तिथी... तू विचारत व्हता आन् हिनं आपल्या डोक्यावर घेतलं, तवा मी चूप राह्यलो. कार्डं लिवले तुले. किती लिवले! फाडून टाकले. हिच्या एका खोट्याच्या सावलीत बारा वर्षं लपून बसलो मी. गुन्हेगार मी हावो. तिले काई म्हनू नोको."

आनंदाबाईने पदर तोंडावर घेतला. तिला वाटत होते, आता काठी पुन्हा वाजेल. ठक, ठक, गल्लीच्या टोकापर्यंत...

काठी वाजली. पण दोनदाच. श्रावण भावाकडे गेला नाही. तो तिच्यापुढे आला, दुखऱ्या पायाने कसाबसा खाली बसला आणि त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले. चाळिशी ओलांडलेला तो फौजी माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता. "काऊन नाई सांगतलं? मले काऊन नाई सांगतलं तुनं...? म्या काय काय बोललो तुले!"

"उठ रे, लेकरा. पाय दुखंन तुहा."

तो उठला. ओट्यावर चढला आणि किसनरावांना दंडाला धरून खाली बसवत म्हणाला, "दादा, खरं बोलाले बारा वर्षं लागले?"

"लागले, बाप्पा."

"फौजेत असता त पहिल्याच रोजी कोर्टमार्शल झालं असतं तुमचं."

किसनराव हसले आणि हसता हसता पुन्हा खोकले. सुलोचनेने घागर देवळीत नेऊन ठेवली, मातीच्या मडक्याशेजारी. छोटी आनंदी अंगणातली टकळी उचलून तिला कशी फिरवतात ते पाहत होती.

श्रावणने फळीवरचा पितळी पेला काढला. जप्तीत तेवढा एकच पेला चुकून मागे राहिला होता. तो दोन्ही हातांत धरून तो आनंदाबाईपुढे उभा राहिला, आठ वर्षांचा असताना उभा राहायचा तसाच.

"माय," तो म्हणाला, "पानी दे."

आनंदाबाईने घागर कलती केली. पेला काठोकाठ भरला तरी ती ओततच राहिली आणि पाणी खाली सांडले. श्रावण घटाघटा अर्धा पेला प्याला आणि उरलेला अर्धा त्याने किसनरावांच्या ओठांना लावला. सांडलेले पाणी सारवलेल्या जमिनीत मुरत होते. आनंदाबाईने त्यावर फडके टाकले नाही. तीज होती, ते सासूला पोचले असेल, असे म्हणून ती चूल पेटवायला आत गेली.